डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्यांना सूज: लक्षणे, कारणे, तपासण्या आणि उपचार

पंचविशी-तिशीतला, एरवी ठणठणीत असलेला माणूस दवाखान्यात येतो आणि सांगतो, "डॉक्टर, आठ दिवसांपासून एका डोळ्यासमोर काळं जाळं हलतंय." डोळा लाल नसतो, दुखत नाही, पाणीही येत नाही. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो म्हणून झालं असेल किंवा चष्म्याचा नंबर वाढला असेल, असे समजून त्याने तोवर वाट पाहिलेली असते. काहीजण चष्म्याच्या दुकानात नंबर तपासून आलेले असतात, तर काहींनी मेडिकलमधून थेंब आणून घातलेले असतात.

नवी मुंबईत जनरल प्रॅक्टिस करताना ही तक्रार नेहमी ऐकायला मिळते. बहुतेक वेळा तिच्यामागे साधे कारण निघते. पण काही रुग्णांमध्ये डोळ्याच्या आतल्या पडद्यावरील, म्हणजे रेटिनावरील रक्तवाहिन्यांना सूज आलेली असते. या आजाराला 'रेटिनल व्हॅस्क्युलायटिस' म्हणतात. तो वेळेत ओळखला तर बऱ्याच रुग्णांची नजर चांगली राहते. उशीर झाला तर गेलेली नजर परत येईलच असे नाही. म्हणून तो नेमका काय आहे आणि आपल्या भागात त्याच्यामागे कोणती कारणे असतात, हे समजून घेऊ.

नेमके काय बिघडते?

डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून एक पातळ पडदा असतो. कॅमेऱ्यात फिल्मचे जे काम, तेच डोळ्यात या पडद्याचे. त्याला रक्त पुरवणाऱ्या आणि तिथले रक्त परत नेणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे त्यावर पसरलेले असते. शरीरातील रक्तवाहिन्या कुठेही न कापता थेट बघता येतात अशी हीच एक जागा.

नवी मुंबईच्या लोकांना मोरबे धरणाच्या जलवाहिनीचे उदाहरण लगेच पटेल. समजा, एका पाइपची भिंत खराब झाली. सुरुवातीला पाणी झिरपते आणि आजूबाजूची जमीन ओली होते. मग आत गाळ साचून पाइप तुंबतो आणि पुढच्या वस्तीत पाणी पोहोचत नाही. पाणी मिळेना म्हणून तिथले लोक कच्च्या नळजोडण्या करून घेतात आणि त्या कधीही फुटतात. डोळ्यातही हेच तीन टप्प्यांत घडते.

• पहिला टप्पा, सूज: शरीराच्या संरक्षक पेशी रक्तवाहिनीभोवती गोळा होतात. तपासताना रक्तवाहिनीभोवती पांढरट आवरण दिसते. भिंतीतून द्रव झिरपतो. तो पडद्याच्या मध्यभागी, म्हणजे मॅक्युलामध्ये साचला की वाचताना अक्षरे पुसट दिसतात.
• दुसरा टप्पा, अडथळा: रक्तवाहिनी अरुंद होते किंवा पूर्ण बंद पडते. त्यापुढच्या पडद्याला रक्त मिळत नाही.
• तिसरा टप्पा, नव्या नाजूक रक्तवाहिन्या: उपाशी राहिलेला पडदा रक्तासाठी रासायनिक संदेश पाठवतो. त्यामुळे नव्या रक्तवाहिन्या फुटतात, पण त्या अतिशय कच्च्या असतात. त्या फुटल्या की डोळ्यातील पारदर्शक जेलमध्ये रक्त पसरते आणि नजर अचानक धूसर होते. पुढे तिथे चट्टे तयार होऊन पडदा ओढला जातो आणि जागेवरून सुटू शकतो.

पहिल्या टप्प्यात बऱ्याच जणांना फारसे काही जाणवत नाही. खूप रुग्ण थेट तिसऱ्या टप्प्यात, रक्तस्राव झाल्यावर डॉक्टरांकडे पोहोचतात, ते यामुळेच.

लक्षणे

• डोळ्यासमोर काळे ठिपके, माश्या, धागे किंवा जाळे तरंगताना दिसणे
• एका किंवा दोन्ही डोळ्यांनी धूसर दिसणे
• नजरेच्या काही भागात डाग असल्यासारखे वाटणे, तिथले न दिसणे
• सरळ रेषा वाकड्या दिसणे किंवा रंग फिके वाटणे
• अंधारात किंवा डोळे मिटल्यावर वीज चमकल्यासारखा प्रकाश दिसणे

डोळा दुखणे आणि लाल होणे ही लक्षणे या आजारात अनेकदा नसतातच, ही यातली फसवी बाब आहे. डोळ्याच्या पुढच्या भागालाही सूज असेल तरच लाली, वेदना किंवा उजेडाचा त्रास होतो. एका डोळ्याला त्रास असला तरी दोन्ही डोळे तपासावेत. दुसऱ्या डोळ्यात आजार सुरू झालेला असूनही काहीच जाणवत नाही, असे पुष्कळदा आढळते.

मधुमेहाच्या त्रासापेक्षा हे वेगळे कसे?

पन्नाशीपुढच्या माणसाच्या पडद्यावर रक्तस्राव झाला, तर मधुमेह किंवा रक्तदाब ही कारणे आधी डोळ्यासमोर येतात. मधुमेहात दीर्घकाळ वाढलेल्या साखरेमुळे रक्तवाहिन्या कमकुवत होतात. इथे मात्र मूळ बिघाड दाहाचा असतो आणि रुग्ण बहुधा तरुण असतो. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, वय कमी आहे आणि तरीही डोळ्यात रक्तस्राव झाला, तर रक्तवाहिन्यांच्या सुजेचा विचार करावाच लागतो.

कारणे: डोळा हा फक्त आरसा

काही वेळा हा आजार फक्त डोळ्यापुरता असतो. पण अनेकदा तो शरीरातल्या दुसऱ्या आजाराची खूण असतो. म्हणून "डोळ्याला काय झालं?" याबरोबर "का झालं?" हाही प्रश्न विचारावा लागतो.

ईल्स डिसीज आणि टीबी

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरातले नेत्रतज्ज्ञ हेन्री ईल्स यांनी १८८० मध्ये काही तरुण रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्या डोळ्यांत पुन्हा पुन्हा रक्तस्राव होत होता. या तरुणांच्या नाकातूनही रक्त येत असे आणि त्यांना बद्धकोष्ठतेचा त्रास होता, असे ईल्स यांनी नोंदवले. दोन वर्षांनी, २४ मार्च १८८२ रोजी, रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयरोगाचा जिवाणू सापडल्याचे जाहीर केले. या दोन गोष्टींचा एकमेकांशी संबंध असू शकेल, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हते.

आज ईल्स डिसीज पाश्चात्त्य देशांत क्वचित दिसतो, पण भारतीय उपखंडात तो अजूनही आढळतो. वीस ते चाळीस वयाच्या, इतर कोणताही आजार नसलेल्या पुरुषांमध्ये तो जास्त दिसतो. पडद्याच्या कडेच्या शिरांना सूज येते, त्या बंद पडतात आणि मग रक्तस्राव होतो. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील संशोधकांना अशा रुग्णांच्या डोळ्यांतून शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेल्या पातळ पापुद्र्यांत पीसीआर तपासणीने टीबीच्या जिवाणूचा डीएनए सापडला. डोळ्यात जिवंत जिवाणू फार नसले, तरी टीबीविरुद्ध खवळलेली प्रतिकारशक्ती रक्तवाहिन्यांवर हल्ला करते, असे आता मानले जाते. मात्र ईल्सच्या प्रत्येक रुग्णाला टीबी असतोच असे नाही.

जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश भारतात आहेत. त्यामुळे आपल्याकडे पडद्यावरील रक्तवाहिन्यांना सूज दिसली की टीबीचा शोध घेणे हे ओघानेच येते.

ताप येऊन गेल्यानंतरचा त्रास

पावसाळ्यात आपल्या भागात डेंग्यू, चिकुनगुनिया आणि लेप्टोचे रुग्ण दरवर्षी असतात. यांपैकी काही तापांनंतर, ताप उतरल्यावर काही दिवसांनी किंवा काही आठवड्यांनी, डोळ्याच्या पडद्याला सूज येऊ शकते. लेप्टोनंतर तर काही महिन्यांनीही डोळ्याचा त्रास सुरू होऊ शकतो. "तापानंतरचा अशक्तपणा आहे, नजर येईल आपोआप" असे म्हणून सोडून देऊ नये. गेल्या काही महिन्यांत ताप आला असेल, तर नेत्रतज्ज्ञांना ते आवर्जून सांगावे.

इतर कारणे

• इतर जंतुसंसर्ग: सिफिलिस, एचआयव्ही बाधितांमधील विषाणूसंसर्ग, हर्पिस गटातील विषाणू, टॉक्सोप्लाझ्मा
• प्रतिकारशक्तीचे आजार: बेशे डिसीज, ल्युपस, सारकॉइडोसिस, मल्टिपल स्क्लेरोसिस

म्हणूनच डॉक्टर तुम्हाला डोळ्याशी संबंध नसलेले वाटणारे प्रश्न विचारतात. तोंडात वारंवार फोड येतात का? जननेंद्रियावर व्रण आले होते का? सांधे दुखतात का? हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा येतो का? वजन घटले का, रात्री घाम येतो का? घरात कुणाला टीबी झाला होता का? यांची खरी उत्तरे द्या. "घरात टीबी होता" हे सांगायला अनेकजण कचरतात आणि निदान तिथेच अडते.

टीबीचे निदान इतके अवघड का?

फुप्फुसाच्या टीबीत थुंकी तपासून जिवाणू शोधता येतो. डोळ्यातून असा नमुना सहज मिळत नाही. छातीचा एक्स-रे अनेकदा स्वच्छ असतो, खोकला नसतो, वजनही नीट असते.

मग मॅन्टू टेस्ट किंवा रक्ताची इग्रा टेस्ट केली जाते. पण या दोन्ही टेस्ट एवढेच सांगतात की शरीराची कधीतरी टीबीच्या जिवाणूशी गाठ पडली आहे. दाट वस्तीत आणि गर्दीच्या लोकलमध्ये वाढलेल्या कितीतरी निरोगी लोकांच्याही या टेस्ट पॉझिटिव्ह येतात. त्यामुळे टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे डोळ्यात टीबी, असा थेट अर्थ काढता येत नाही. पडद्यावर दिसणारी चिन्हे, एक्स-रे किंवा सीटी स्कॅन, टेस्टचे निकाल आणि इतर कारणे नसल्याची खात्री, हे सगळे एकत्र ठेवूनच डॉक्टर निर्णय घेतात. दोन डॉक्टरांचे मत वेगळे पडू शकते, ते यामुळेच.

मुंबई परिसरात आणखी एक अडचण आहे. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २०१२ च्या सुमारास, तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या टीबीचे रुग्ण नोंदवले आणि औषधांना न जुमानणाऱ्या टीबीकडे सगळ्यांचे लक्ष गेले. डोळ्याच्या टीबीत नमुनाच मिळत नसल्याने कोणते औषध लागू पडेल हे आधी तपासता येत नाही. म्हणून घरात कुणाला एमडीआर टीबी झाला असेल, तर ही माहिती डॉक्टरांसाठी फार मोलाची असते.

तपासण्या कोणत्या?

पडद्याची तपासणी: दवाखान्यातल्या टॉर्चने ही सूज दिसत नाही, चष्म्याच्या दुकानातल्या मशीनवरही नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घालून नेत्रतज्ज्ञांना पडद्याच्या कडेपर्यंत पाहावे लागते. थेंबांनंतर काही तास धूसर दिसते. सोबत कुणाला तरी न्यावे आणि त्या दिवशी स्वतः गाडी चालवू नये.

फ्लुओरेसिन अँजिओग्राफी: हाताच्या शिरेतून पिवळ्या-केशरी रंगाचे औषध देऊन पडद्याचे फोटो काढतात. कुठे गळते आहे आणि कुठे रक्त पोहोचत नाही, हे त्यात स्पष्ट दिसते. नंतर दिवसभर लघवी गडद पिवळी होते, त्याला घाबरू नये. काहींना थोडी मळमळ होते. कोणत्याही औषधाची ॲलर्जी, दमा, किडनीचा आजार किंवा गर्भारपण असेल तर आधी सांगावे.

ओसीटी: डोळ्याला हात न लावता केलेले हे स्कॅन मॅक्युलाची सूज मोजते.

रक्त आणि इतर तपासण्या: सीबीसी, ईएसआर, साखर, एचआयव्ही, सिफिलिसची तपासणी, मॅन्टू किंवा इग्रा, छातीचा एक्स-रे. गरजेनुसार एएनए, छातीचा सीटी स्कॅन किंवा मेंदूचा एमआरआय. प्रत्येकाला सगळे लागत नाही. मॅन्टू टेस्ट ४८ ते ७२ तासांनी दाखवायला परत यावेच लागते, नाहीतर तिचा उपयोग नाही.

उपचार

उपचाराला तीन बाजू आहेत: सूज कमी करणे, मूळ कारणावर औषध देणे आणि झालेले नुकसान सावरणे.

सूज कमी करण्यासाठी स्टिरॉइड: हे बहुतेक वेळा गोळ्यांच्या स्वरूपात, काही वेळा डोळ्याजवळ किंवा डोळ्यात इंजेक्शनने देतात. डोळ्यात घालायचे साधे थेंब पडद्यापर्यंत पुरेसे पोहोचत नाहीत. इथे एक धोका आहे. कारण न शोधता मनाने स्टिरॉइड सुरू केले आणि मुळात टीबी, हर्पिस किंवा टॉक्सोप्लाझ्माचा संसर्ग असला, तर तो झपाट्याने वाढू शकतो. शिवाय स्टिरॉइडमुळे मॅन्टू टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून आधी तपासण्या, मग स्टिरॉइड, असा क्रम शक्यतो पाळतात.

मूळ कारणावरचे औषध: टीबी असेल किंवा त्याची दाट शक्यता असेल तर टीबीची औषधे साधारण सहा ते नऊ महिने दिली जातात, सोबत स्टिरॉइड. औषधे सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काही रुग्णांचा त्रास उलट वाढतो. मरणाऱ्या जिवाणूंमुळे प्रतिकारशक्ती आणखी चेतवल्याने हे होते. अशा वेळी गोळ्या बंद करू नका, लगेच डोळे दाखवा. प्रतिकारशक्तीच्या आजारांत मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन किंवा अडालिमुमॅबसारखी औषधे लागतात. अडालिमुमॅबमुळे शरीरात दबा धरून बसलेला टीबी जागा होऊ शकतो, म्हणून त्याआधी टीबीची तपासणी करतात.

झालेले नुकसान सावरण्यासाठी: रक्त न मिळालेल्या भागावर लेझर दिला जातो, म्हणजे नव्या कच्च्या रक्तवाहिन्या सुकतात. हा चष्म्याचा नंबर घालवणारा लेझर नव्हे आणि त्याने नजर लगेच वाढत नाही. पुढचे नुकसान थांबवणे हे त्याचे काम. डोळ्यात साचलेले रक्त काही आठवड्यांत आपोआप ओसरले नाही किंवा पडदा ओढला जाऊ लागला, तर व्हिट्रेक्टॉमी ही शस्त्रक्रिया करतात.

औषधे सुरू असताना

• स्टिरॉइडमुळे साखर आणि रक्तदाब वाढू शकतो. दोन्ही नियमित तपासा. गोळी जेवणानंतर घ्या आणि अचानक कधीही बंद करू नका.
• टीबीच्या औषधांतील इथॅम्ब्युटॉलचा क्वचित डोळ्याच्या नसेवर परिणाम होतो. नजर आधीच धूसर असल्याने तो लक्षात येत नाही. म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी आणि नंतरही नजर व रंगांची ओळख तपासून घ्यावी. लाल-हिरवा रंग फिका वाटला तर लगेच सांगा.
• रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, ते निरुपद्रवी आहे. पण त्याने गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि स्टिरॉइडचाही परिणाम कमी होतो.
• भूक जाणे, उलट्या, डोळे पिवळे होणे ही यकृताला त्रास होत असल्याची चिन्हे असू शकतात. त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.

टीबीची औषधे महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेतून उपचार सुरू असेपर्यंत दरमहा १,००० रुपये रुग्णाच्या बँक खात्यात जमा होतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० रुपये होती. टीबी डोळ्याचा असला तरी नोंदणी करून घ्या. शस्त्रक्रियेची वेळ आली, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करा.

रुग्ण नेहमी विचारतात

डोळ्याचा टीबी घरातल्यांना लागेल का?
डोळ्यातून टीबी पसरत नाही. फुप्फुसातही टीबी असेल तरच खोकल्यातून लागण होऊ शकते, म्हणून छातीची तपासणी करतात. वेगळे ताट, वेगळी खोली यांची गरज नाही.

लग्न ठरले आहे, अडचण येईल का?
या आजारामुळे लग्नाला किंवा मूल होण्याला आडकाठी नाही. मात्र काही औषधे गर्भारपणात चालत नाहीत. मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या पुरुषांनीही हे विचारून घ्यावे.

मोबाइल, कॉम्प्युटर बंद करावा का?
स्क्रीनमुळे हा आजार होत नाही आणि वाढतही नाही. डोळ्यात ताजा रक्तस्राव झाला असेल, तर तपासणी होईपर्यंत जड वजन उचलू नका आणि उशी उंच घेऊन झोपा.

काढा, मध, गुलाबपाणी चालेल का?
डोळ्यात असे काहीही घालू नका. त्याने पडद्याला फायदा होत नाही, पुढच्या भागाला संसर्ग मात्र होऊ शकतो.

पूर्ण बरे होते का?
मॅक्युलाचा रक्तपुरवठा शाबूत असेपर्यंत उपचार झाले तर बऱ्याच रुग्णांची नजर चांगली राहते. मॅक्युलालाच रक्त मिळेनासे झाले असेल, तर तेवढी नजर परत येत नाही. आजार काही वर्षांनी उलटू शकतो, म्हणून बरे वाटल्यावरही ठरलेल्या तारखेला डोळे दाखवत राहावे.

ताबडतोब कधी दाखवावे?

• अचानक खूप ठिपके किंवा जाळे दिसू लागले
• एका बाजूने पडदा ओढल्यासारखा अंधार आला
• नजर काही तासांत किंवा एका दिवसात कमी झाली
• डोळ्यासमोर सारखी वीज चमकू लागली

अशा वेळी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा, शक्यतो रेटिना तज्ज्ञांकडे. खासगी दवाखाना परवडत नसेल तर महापालिकेचे रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय किंवा मुंबईतील जे.जे., केईएम, सायन येथील नेत्रविभाग गाठा. लक्षणे सौम्य असली तरी दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त थांबू नका.

घरी करण्यासारखी एक सोपी गोष्ट सांगतो. आठवड्यातून एकदा एक डोळा हाताने झाकून भिंतीवरचे कॅलेंडर वाचा, मग दुसरा डोळा झाकून वाचा. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा दुसऱ्याची उणीव झाकून नेतो आणि बिघाड कळत नाही. एकेका डोळ्याने पाहिले की फरक लवकर लक्षात येतो.

सूचना: हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधे, त्यांचे प्रमाण आणि कालावधी प्रत्येक रुग्णासाठी वेगळे असतात. आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कोणतेही औषध सुरू किंवा बंद करू नये.